निवृत्तिवेतनाचा हिशेब आणि चुकीची आपणहून दुरुस्ती

(निरगुडसर, तालुका आंबेगाव, येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाचा बहुतेक दिवस दुसऱ्यांच्या चुका पाहण्यात आणि त्या दुरुस्त करून देण्यात जातो. हातचा विसरल्यामुळे चुकलेली बेरीज, वेलांटी उलटी पडल्यामुळे बिघडलेला शब्द, हजेरीपटावर एका रकान्याने पुढे सरकलेली खूण, या सर्व गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. परंतु ज्या कागदांवर त्याच्या स्वतःच्या उतारवयाची भाकरी अवलंबून असते, ते सेवापुस्तक, ती वेतनपावती आणि ते निधीखात्याचे विवरण तो वर्षानुवर्षे उघडून पाहत नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचा दिवस येतो, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची एखादी चूक प्रथमच दृष्टीस पडते. ती करणारा लिपिक तोवर बदलून गेलेला असतो, मूळ आदेश सापडत नाही आणि शिक्षकाला महिनोन्महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

असा प्रसंग टाळण्याचा सरळ मार्ग एकच आहे. ज्याने नोकरीवर ठेवले, त्याने आपल्या हातून झालेली चूक कोणी मागणी करण्यापूर्वी, तपासनीस दारात येण्यापूर्वी, स्वतः शोधावी, तिचा पुरता हिशेब करावा आणि कामगाराचे जे नुकसान झाले असेल ते भरून द्यावे. हा नियोक्ता जिल्हा परिषद असो, शिक्षणसंस्था असो, सहकारी कारखाना असो किंवा दहावीस माणसे कामाला ठेवणारा छोटा उद्योजक असो, सर्वांस हे तत्त्व सारखेच लागू आहे. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. निवृत्तिवेतन म्हणजे वरिष्ठांनी प्रसन्न होऊन दिलेली बक्षिसी, अशी समजूत अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याच्या निकालात ही समजूत मोडून काढली. निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले दान नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे व तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारकांचा दिन म्हणून पाळला जातो.

हे तत्त्व एकदा मान्य केले की त्यातून दुसरी गोष्ट ओघाने येते. हक्काच्या रकमेत झालेली चूक ही केवळ कागदावरची चूक राहत नाही. ती दुसऱ्याच्या मालमत्तेत पडलेली तूट ठरते. शेजाऱ्याच्या बांधावरची माती नकळत आपल्या शेतात आली असेल, तर त्याने मोजणी मागवीपर्यंत थांबणे सज्जनाला शोभत नाही. निधीच्या हिशेबालाही हाच न्याय लावावयास हवा.

चुका कोठे व कशा होतात

महाराष्ट्र राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तत्पूर्वीच्या कर्मचाऱ्यांस १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे शेवटच्या वेतनावर आधारलेले निवृत्तिवेतन मिळते व त्यांची वर्गणी भविष्यनिर्वाह निधीत जमा होते. नव्या योजनेत मात्र मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापली जाते व नियोक्ता आपला हिस्सा तीत घालतो. हा हिस्सा आरंभी १० टक्के होता, पुढे तो १४ टक्के करण्यात आला. कालांतराने ही खाती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत वर्ग करण्यात आली. एका शाळेत शेजारी-शेजारी शिकविणारे दोन शिक्षक अशा रीतीने दोन निरनिराळ्या व्यवस्थांत आढळतात, आणि म्हणून त्यांच्या हिशेबातील चुकाही निरनिराळ्या असतात.

या चुकांचे पाच प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार खाते उशिरा उघडण्याचा. शिक्षक जुलैमध्ये रुजू होतो, परंतु त्याच्या खात्याचा क्रमांक डिसेंबरात मिळतो. मधल्या महिन्यांची कपातही होत नाही व नियोक्त्याचा हिस्साही पडत नाही. दुसरा प्रकार कपात करून ती जमा न करण्याचा किंवा उशिरा जमा करण्याचा. वेतनपावतीवर कपात दिसते, खात्याच्या विवरणात मात्र तो महिना कोरा असतो. तिसरा प्रकार चुकीच्या रकमेवर टक्केवारी काढण्याचा. महागाई भत्त्याचा दर वाढला, वेतनवाढ लागली, पण अंशदान जुन्याच आकड्यावर कापले गेले. चौथा प्रकार ओळखीच्या नोंदींचा. नावाच्या अक्षरात, जन्मतारखेत किंवा खातेक्रमांकाच्या एका आकड्यात चूक झाल्यास रक्कम भलत्याच खात्यात जाते किंवा अधांतरी राहते. वारसाचे नामनिर्देशन केलेलेच नसणे, हाही याच प्रकारात मोडतो, व त्याचे दुःख शिक्षकाच्या पश्चात त्याच्या पत्नीला वा मुलांना भोगावे लागते. पाचवा प्रकार वेतननिश्चितीच्या चुकीचा. त्यामुळे वेतन कमी तरी मिळते किंवा अधिक तरी मिळते, आणि ही चूक सेवेच्या शेवटी पडताळणीच्या वेळी उघडी पडते.

या पाचांत दुसरा प्रकार सर्वांत गंभीर समजला पाहिजे. खाते उघडण्यास उशीर झाला, तर त्याला दिरंगाई म्हणता येईल. परंतु कामगाराच्या वेतनातून कापलेला पैसा नियोक्त्याचा उरत नाही. तो त्याच्यापाशी ठेव म्हणून असतो. कारखान्यांच्या भविष्यनिधीच्या बाबतीत तर कापलेले अंशदान न भरणे हा फौजदारी विश्वासघात समजावा, असे जुन्या भारतीय दंडसंहितेत स्पष्ट सांगितले होते व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेतही ते कायम आहे.

लहान चूक मोठी कशी होते

दुरुस्ती आज केली काय आणि निवृत्तीच्या वेळी केली काय, रक्कम तीच, असे पुष्कळांस वाटते. हा समज सातवी-आठवीच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या चक्रवाढ व्याजाने खोटा ठरतो.

समजा, एका शिक्षकाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये आहेत. त्याचे १० टक्के म्हणजे ४,००० रुपये आणि नियोक्त्याचे १४ टक्के म्हणजे ५,६०० रुपये, असे दरमहा ९,६०० रुपये खात्यात पडावयास हवेत. खाते उघडण्यास पाच महिने विलंब झाला व त्या काळाचे अंशदान भरले गेले नाही, तर ४८,००० रुपयांची तूट पडली. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी वाढीचा दर शेकडा ८ धरू. प्रत्यक्ष दर बाजाराप्रमाणे कमीअधिक होतो. या दराने रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट व अठरा वर्षांत चौपट होते. म्हणजे अठरा वर्षांनंतर त्या ४८,००० रुपयांच्या जागी सुमारे १,९२,००० रुपये असावयास हवे होते.

ही चूक एका वर्षाच्या आत सापडली असती, तर मुद्दल व ३,८४० रुपये भरून हिशेब पुरा झाला असता. अठरा वर्षांनी सापडल्यावर मुद्दलाखेरीज १,४४,००० रुपये भरावे लागतील. आणि कार्यालयाने त्या वेळी केवळ ४८,००० रुपये जमा करून प्रकरण बंद केले, तर ते १,४४,००० रुपये शिक्षकाच्या खिशातून गेले, असाच त्याचा अर्थ होतो. कालव्याच्या भरावातील भेग पहिल्या दिवशी पाटी दोन पाटी मातीने बुजते. तीच राहू दिली, तर पुढे भराव वाहून जातो. आंबेगाव तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

काही वेळा तर नुकसान रकमेत मोजताच येत नाही. कारखाने व खाजगी आस्थापना यांतील कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तीत मासिक निवृत्तिवेतन मिळण्यास दहा वर्षांची सेवा आवश्यक ठरविली आहे. एखाद्याने अकरा वर्षे काम केले, पण मालकाने पहिली तीन वर्षे त्याचे नाव नोंदविलेच नाही, तर कागदावर त्याची सेवा आठच वर्षे भरते. त्याला एकरकमी थोडा पैसा मिळतो, दरमहाचे निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. नोंदवहीतील तीन कोऱ्या वर्षांनी त्याचा आयुष्यभराचा आधार हिरावून नेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या परिसरातील शाळांतून बसणाऱ्या मुलांचे पालक केवळ शेती करीत नाहीत. कोणी पारगावच्या साखर कारखान्यात, कोणी मंचरच्या बाजारात, कोणी चाकण वा रांजणगाव येथील कारखान्यांत कामाला जातो. त्यांपैकी पुष्कळांस आलेला कागद वाचून घेण्यासाठी गावात एकच भरवशाचे माणूस असते, ते म्हणजे शाळेतील शिक्षक. यास्तव कारखान्यांच्या निधीविषयीची माहितीही शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

आपणहून दुरुस्ती करणाऱ्यास सवलत

नियोक्त्यांना चूक झाल्याचे बहुधा माहीत असते. तरीही ते दुरुस्ती करीत नाहीत, याचे मुख्य कारण भय हे होय. चूक कबूल केली की मागील सर्व वर्षांचा दंड मानगुटीस बसेल, या भीतीने ते गप्प बसतात आणि गप्प बसल्यामुळे चूक वाढत जाते. ही कोंडी फोडण्यासाठी कर्मचारी भविष्यनिधी संघटनेने दोन वेळा खास मोहिमा काढल्या.

पहिली मोहीम १ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाली. ती प्रथम ३१ मार्चपर्यंत होती, नंतर तिची मुदत ३० जून २०१७ पर्यंत वाढविण्यात आली. १ एप्रिल २००९ ते ३१ डिसेंबर २०१६ या काळात कामावर लागलेल्या, परंतु निधीत नाव न नोंदविलेल्या कामगारांची नावे मालकाने स्वतः जाहीर करावीत, अशी तिची योजना होती. असे करणाऱ्यास दंडादाखल वर्षाला केवळ १ रुपया पडे. हीच सूट किती मोठी होती, हे समजण्यासाठी त्या काळचे नेहमीचे दर पाहावेत. अंशदान भरण्यास विलंब झाल्यास वर्षाला शेकडा ५ पासून २५ पर्यंत नुकसानभरपाई आणि त्याखेरीज शेकडा १२ व्याज द्यावे लागे. जून २०२४ पासून नुकसानभरपाईचा दर दरमहा शेकडा १ असा करण्यात आला.

दुसरी मोहीम १ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाली. तिची मुदत ३० एप्रिल २०२६ पर्यंत ठरविण्यात आली आणि १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामावर लागून नोंदणीवाचून राहिलेल्या कामगारांसाठी ती होती. नियोक्त्याने स्वतःचा हिस्सा, व्याज व प्रशासनखर्च भरावा, आणि दंड म्हणून एकूण १०० रुपये द्यावेत, असे तिचे स्वरूप होते.

दोन्ही मोहिमांत एक भेद काळजीपूर्वक राखलेला दिसतो व तो मनन करण्यासारखा आहे. ज्या कामगाराच्या वेतनातून कपात झालीच नव्हती, त्याचा हिस्सा माफ करण्यात आला. मागील वर्षांचे पैसे त्याच्या आजच्या मजुरीतून वसूल करण्यास वाव ठेवला नाही. परंतु जेथे कपात झाली होती, तेथे ती रक्कम भरल्यावाचून सुटका नव्हती. विसराळूपणा आणि दुसऱ्याचा पैसा दाबून ठेवणे, या दोहोंस एकाच मापाने मोजावयाचे नाही, हा विवेक त्यात आहे.

मात्र ही दुरुस्ती पूर्ण होती असे मानणे चूक ठरेल. कामगाराचा हिस्सा माफ झाला म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या खात्यात कधीच पडली नाही. शिवाय घोषणेच्या दिवशी जो हयात व कामावर असेल, त्यालाच लाभ मिळावयाचा. जो आधीच नोकरी सोडून गेला वा निवर्तला, त्याच्या वाट्यास काही आले नाही. उशिरा केलेल्या दुरुस्तीची ही उणीव आहे. तडजोडीत नेहमी दुर्बलाच्या बाजूने थोडे तरी सुटतेच.

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेत मालकांनी चालविलेल्या निवृत्तियोजनांसाठी तेथील महसूल खात्याने तीन पायऱ्यांची व्यवस्था ठेवली आहे. चूक साधी असेल व ती मालकाने स्वतः शोधली असेल, तर त्याने ती स्वतः दुरुस्त करावी व दुरुस्तीची कागदपत्रे जपून ठेवावीत. चूक मोठी असेल, तर अर्ज व शुल्क देऊन खात्याची लेखी संमती घ्यावी. आणि तपासणीत चूक सापडली, तर त्याहून भारी रक्कम भरून प्रकरण मिटवावे. २९ डिसेंबर २०२२ रोजी झालेल्या कायद्याने पहिल्या पायरीची व्याप्ती पुष्कळ वाढविली. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एकच कसोटी आहे. चूक झालीच नसती, तर कामगार आज ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला आणून ठेवावयाचे. केवळ मुद्दल देऊन ही कसोटी उतरत नाही, हे मघाच्या ४८,००० रुपयांच्या उदाहरणाने स्पष्ट झालेच आहे.

सरकारही नियोक्ताच आहे

खाजगी मालकास उपदेश करणाऱ्या सरकारने स्वतःच्या घरी काय केले, असा प्रश्न कोणी विचारील, तर तो रास्त आहे. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून नवी प्रणाली सुरू झाली. आरंभीच्या वर्षांत अनेक कर्मचाऱ्यांचे अंशदान खात्यात पडले नाही किंवा फार उशिरा पडले. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ डिसेंबर २०१८ रोजी निर्णय घेऊन २००४ ते २०१२ या काळातील अशा विलंबाबद्दल भरपाई देण्याचे ठरविले व ३१ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते अमलात आणले. पुढे २०२१ मध्ये या प्रणालीचे स्वतंत्र नियम करण्यात आले. नोंदणीस अथवा जमा करण्यास कार्यालयाकडून उशीर झाल्यास कर्मचाऱ्याच्या खात्यात व्याजासह रक्कम टाकावी व विलंबाची जबाबदारी निश्चित करावी, अशी तरतूद त्यांत आहे.

महाराष्ट्र शासनानेही काही बाबतींत मागे वळून पाहिले आहे. ज्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, परंतु नेमणूक मात्र त्यानंतर झाली, अशा कर्मचाऱ्यांस जुन्या निवृत्तिवेतनाचा विकल्प एक वेळ देण्याचा निर्णय २ फेब्रुवारी २०२४ रोजी झाला. नेमणुकीस झालेला उशीर हा उमेदवाराचा दोष नव्हता, हे त्यात मान्य केले गेले. तत्पूर्वी ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने नव्या प्रणालीतील कर्मचारी सेवेत असता मृत्यू पावल्यास त्याच्या कुटुंबास कुटुंबनिवृत्तिवेतन व उपदान मिळण्याची सोय करण्यात आली.

खाजगी शाळांतील शिक्षकांच्या उपदानाची कथाही येथे सांगण्याजोगी आहे. १९७२ चा उपदान कायदा ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षणसंस्थांना लागू करण्यात आला. परंतु कायद्यातील 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. शिपाई व लिपिक यांना उपदान मिळावे आणि शिक्षकाला मिळू नये, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. संसदेने २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून अमलात आल्याचे ठरविले. शिक्षणसंस्थांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली व कायदा करताना राहून गेलेली उणीव मागील तारखेपासून भरून काढणे योग्यच होते, असे ठरविले. चूक ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून ती दुरुस्त झाली पाहिजे, ही कसोटी येथे संसदेनेच पाळली आहे.

भार कोणी सोसावा

आता पाचव्या प्रकाराकडे वळू. कार्यालयाच्या चुकीने शिक्षकास वेतन अधिक दिले गेले आणि ते निवृत्तीच्या तोंडावर उघडकीस आले, तर काय करावे? पूर्वी अशी सर्व रक्कम उपदानातून वळती करून घेण्याचा प्रघात होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह खटल्यात या प्रघातास मर्यादा घातली. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या वा एका वर्षाच्या आत निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेबाबत अशी वसुली करता येणार नाही, असे त्या निकालात सांगितले आहे. प्राथमिक शिक्षक तृतीय श्रेणीत येतो, हे येथे लक्षात घ्यावे.

तथापि या निकालावर डोळे मिटून विसंबू नये. २०१६ मध्ये एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वसुली योग्य ठरविली, कारण जादा रक्कम निघाल्यास परत करीन असे हमीपत्र त्याने लिहून दिले होते. वेतननिश्चितीच्या वेळी शिक्षकांकडून अशी हमीपत्रे घेतली जातात. ज्यावर सही करावयाची तो कागद आधी वाचावा, ही शिकवण मुलांना देणाऱ्याने ती स्वतःही आचरावी. आणि वेतनात अकारण वाढ झालेली दिसल्यास ती आपणहून कार्यालयाच्या नजरेस आणून द्यावी. नियोक्त्याकडून जो प्रामाणिकपणा अपेक्षावयाचा, तो कर्मचाऱ्यानेही दाखविला पाहिजे.

शाळेतून करावयाचे काम

या सर्व विवेचनातून ग्रामीण शाळेपुरते कर्तव्य कोणते निष्पन्न होते? पुष्कळ शिक्षकांस असे वाटते की हा विषय पंचायत समितीच्या लेखा विभागाचा आहे. ते अंशतः खरे आहे. परंतु वेतनाची माहिती भरण्याचा आरंभ शाळेतून होतो व मुख्याध्यापक हा त्या ठिकाणी नियोक्त्याचाच प्रतिनिधी असतो. त्याने पाठविलेल्या माहितीत चूक असेल, तर ती पुढील सर्व कागदांत उतरत जाते.

वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर हिशेब बंद झाला म्हणजे, प्रत्येक शिक्षकाने तीन कागद एकत्र मांडावेत. बारा महिन्यांच्या वेतनपावत्या, निधीखात्याचे अथवा राष्ट्रीय प्रणालीतील खात्याचे विवरण, आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत. एका कोऱ्या कागदावर बारा ओळी आखून प्रत्येक महिन्याची कपात व प्रत्येक महिन्याची जमा समोरासमोर लिहावी. जेथे जागा रिकामी राहील, तेथे चूक आहे. या कामास एक तासाहून अधिक वेळ लागत नाही. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्यास दाखवून त्यावर त्याची सही घ्यावी, असा नियमच आहे. ही सही केवळ उपचार म्हणून न करता जन्मतारीख, वेतनवाढीच्या तारखा, वेतन पडताळणी पथकाचा शेरा, रजेचा हिशेब व नामनिर्देशन पाहून मगच करावी.

चूक आढळल्यास ती तोंडी सांगून थांबू नये. महिना, रक्कम व चुकीचा प्रकार ही तिन्ही लिहून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, सोबत दोन्ही कागदांच्या प्रती जोडाव्यात व आवक क्रमांक घालून घेतलेली पोच जपून ठेवावी. भाषा तक्रारीची नसावी. 'अमुक महिन्याची जमा दिसत नाही, तरी पडताळणी व्हावी' एवढे वाक्य पुरेसे आहे. ज्या लिपिकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात नाही, तो चूक अधिक लवकर शोधून देतो.

कार्यालयाकडे अर्ज आल्यावर त्यानेही एवढ्यावरच थांबू नये. एकाच आदेशाने नेमलेल्या एका शिक्षकाच्या खात्यात चूक असेल, तर त्याच आदेशातील इतरांच्या खात्यांतही ती असण्याचा संभव फार असतो. ज्याने अर्ज केला त्याचेच काम करावयाचे व बाकीच्यांनी अर्ज करीपर्यंत वाट पाहावयाची, याला दुरुस्ती म्हणता येत नाही. संपूर्ण यादी तपासावी, प्रत्येकाचा हिशेब मुद्दल व वाढीसह काढावा, रक्कम जमा करावी आणि हिशेबाचा तक्ता ज्याचा त्याला द्यावा. शेवटी ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदल केला, हेही त्याच कागदावर नोंदवावे.

दुरुस्ती कशी लिहावी, हे शिक्षकास निराळे सांगण्याची गरज नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात खाडाखोड करावयाची नसते. मूळ नोंद वाचता येईल अशी एक सरळ रेघ ओढून, वर योग्य नोंद लिहून, आदेशाचा क्रमांक, तारीख व सही घालावयाची असते. सेवापुस्तकाची दुरुस्तीही अशीच उघड असावी. जी दुरुस्ती लपवावी लागते, ती पुढील तपासणीत नवी चूक म्हणून पुढे येते.

स्वतःचा हिशेब लावल्यावर गावातील पालकांसाठीही थोडे करता येईल. पालकसभेच्या वेळी पाच मिनिटे काढून निधीत नाव आहे की नाही, बारा आकडी क्रमांक मिळाला आहे की नाही, खात्यातील नाव व जन्मतारीख बरोबर आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी कारखान्यात जाणाऱ्या पालकांस विचारण्यास सांगावे. विचारणारा कामगार समोर आला की पुष्कळ मालक आपले दप्तर आपणहून तपासू लागतात.

जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनाचे कागद निवृत्तीपूर्वी दोन वर्षे तयार करावयास घ्यावेत, अशी व्यवस्था आहे. ज्या शाळेत दरवर्षी मार्चअखेर हिशेब जुळविला जातो, तेथील शिक्षकाचे कागद त्या वेळी तपासून पाहण्यापुरतेच काम उरते. ज्या शाळेत ते झालेले नाही, तेथे येत्या मार्चअखेरची वाट पाहण्याचेही कारण नाही. सर्वांत आधी निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचे सेवापुस्तक प्रथम उघडावे आणि तेथून कामास लागावे.